बोरन्हाणाला आलेली माणसं

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि स्टीलच्या झाकणावर अशी काही घरघर उठली, की आतल्या खोलीत अबोलीने कूस बदलली. तोवर घरात कशाचाही आवाज नव्हता. ती झोपली की मला जो काय तास-दीड तास मिळतो, त्यात मी श्वासही बेतानं घेते. हातातली कुंची खाली ठेवून मी पळत जाऊन फोन उचलला.

सुजयचा मेसेज होता. "आली. रायपूर. एप्रिलमध्ये रुजू व्हायचं."

बँकेतल्या माणसाशी लग्न केलं की बदली ही येणारच. लखनौला आलो तेव्हा अबोली पोटात होती. आता ती पाच वर्षांची व्हायला आली. म्हणजे आमच्या वाट्याची वर्षं भरली होती, हे मला ठाऊक होतं. तरीही मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांपुढे रायपूर आलं नाही, सुजयही आला नाही. आली ती जुन्या लखनौतल्या चौक भागातली अरुंद गल्ली, जिथे माझी स्कूटी कायम कुणाच्या तरी रिक्षाला अडते.

मी बाळंतविडे करून विकते. झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी, सगळं मऊ मलमलीचं आणि त्यावर लखनवी चिकनचं भरतकाम. अबोलीच्या वेळी आईने मिरजेहून पाठवलेला विडा इथल्या उन्हाळ्यात बोचायला लागला, म्हणून मी इथल्याच कापडाची चार झबली करून घेतली. ती मालिनीताईंनी पाहिली. मालिनीताई तेव्हा इथल्या महानगर वस्तीत आमच्याच गल्लीत राहायच्या, त्यांचे यजमानही सुजयच्याच बँकेत. "माझ्या भाचीला असा एक कर," म्हणाल्या. तो गेला देवळालीला, तिथे लष्करातल्या एकीने पाहिला, तिची बदली झाली जोधपूरला, मग तिथून फोन. असं ते सुरू झालं. इथल्या मराठी बायकांपैकी कुणाचीही बदली झाली की मी निरोपाला एक दुपटं देते. ते दुपटं कुठल्या कुठे जाऊन बसतं आणि सहा महिन्यांनी तिकडून अनोळखी आवाज येतो, "स्वरदाताई का? आमच्या शेजारणीकडे पाहिलं होतं..."

मालिनीताईंनी मला एकच गोष्ट शिकवली. काम नसताना फोन करायचा. "कामापुरता फोन करणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दिसलं ना, की माणूस आधी उसासा टाकतो." म्हणून मी करते. कुणाच्या मुलाची मुंज, कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं लक्षात ठेवते. मध्ये एकदा सुजयच्या आग्रहाखातर गोमतीनगरच्या एका हॉटेलात उद्योजकांच्या मेळाव्यालाही जाऊन आले. सगळे एकमेकांना कार्ड देत होते आणि देता देता पलीकडच्या माणसाकडे बघत होते. माझी पर्स कार्डांनी फुगली. पुढे त्यांच्या मागच्या बाजूला अबोलीने हत्ती काढले.

आता मालिनीताई पुण्यात आहेत आणि त्यांनी लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान काढलंय. त्यांचा फोन त्याच आठवड्यात आला होता. दर महिन्याला चाळीस विडे, वर्षभर. "सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांग हं. मैत्री वेगळी, दुकान वेगळं. तू नाही म्हणालीस तर मला दुसरीकडे बघायला हवं."

पाच वर्षांत एवढं मोठं काम मला कुणी विचारलं नव्हतं. आणि आता रायपूर.

संध्याकाळी सुजय आला, चहा घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसला. सुजय बसला की आधी पाय पसरतो, मग बोलतो.

"तिकडून नाही का करता येणार?"

"कसं? छपाई इथे, भरतकाम इथे, धुलाई इथे."

"ते तिघं आहेतच की इथे."

"आहेत. पण ते एकमेकांना ओळखत नाहीत."

सुजयने कप खाली ठेवला. "इतक्या वर्षांत?"

खरंच ओळखत नव्हते. रमाकांतजी छापेवाले चौकात, मी बेतून दिलेल्या कापडावर ते भरतकामासाठी निळ्या शाईचे ठसे उमटवायचे. तिथून गठ्ठा मी स्कूटीवरून नीलम बाजींकडे, आपल्या भाषेत नीलमताईंकडे, न्यायची. त्याही चौकातच, जेमतेम चार गल्ल्या पलीकडे. त्यांच्या अंगणात आठ-दहा बायका बसून भरतात. भरून झालं की गठ्ठा गोमतीकाठी गीताकडे. ती शाई धुऊन काढते, तेव्हा कुठे त्या कापडाचा पांढरा रंग आणि वरचं पांढरं काम दिसायला लागतं. प्रत्येक खेप माझी. आपल्या कामाची तोशीस दुसऱ्याला कशाला, असं घरात ऐकत वाढलेली मी.

"म्हणजे तू जंक्शन आहेस," सुजय म्हणाला. "सगळ्या गाड्या तुझ्यावरून. आणि आता जंक्शनचीच बदली झाली."

मला हसू आलं नाही. रात्री पोळ्या लाटताना मी ठरवून टाकलं, की तिघांना नीट समोरासमोर सांगायचं. इतकं केलंत, आता माझी बदली झाली, काम थांबवते. आणि सोमवारी मालिनीताईंना नाही म्हणायचं.

रविवारी अबोलीचं बोरन्हाण होतं. पाच वर्षांपर्यंतच करतात, तेव्हा हे शेवटचं. त्या निमित्ताने तिघांनाही घरी बोलवावं आणि सांगावं, असं वाटलं. फक्त सगळ्यांना एकदम नको. गर्दीत कुणाशीच धड बोलता येत नाही. म्हणून मी रमाकांतजींना चारची वेळ दिली, नीलम बाजींना पाचची आणि गीताला सहाची. प्रत्येकाला म्हटलं, "घर का ही छोटा-सा प्रोग्राम है." मिरजेला हे चाललं असतं. चारचा पाहुणा पावणेपाचला 'बराय, येतो' म्हणून चपला घालतो.

रमाकांतजी सव्वाचारला आले. सत्तरीचे, मफलर कानांवरून घट्ट बांधलेला, बोटांच्या पेरांत निळी शाई मुरलेली. त्यांनी चहा घेतला, तिळगूळ घेतला, दुसरा चहा घेतला. मी बदलीचा विषय काढणार, तेवढ्यात अबोली हलव्याचे दागिने घालून बाहेर आली. ते आईने कुरियरने पाठवले होते. मुकुट, हार, बाजूबंद, अंगात काळं परकर-पोलकं. रमाकांतजींनी हार हातात घेऊन उजेडात धरला.

"बिटिया, ये सब चीनी का है?"

"हां. खा सकते हैं," अबोली म्हणाली. "पर आई खाने नहीं देती."

"बड़ी ज़ालिम है तुम्हारी आई."

आणि ते तिच्याशी गप्पा मारत बसले ते बसलेच. उठायची काही चिन्हं दिसेनात. पाचला नीलम बाजी आल्या, पाठोपाठ गीताही, एक तास आधीच, कारण "भाभी, बच्ची का काम है, सोचा हाथ बँटा दूँ." तिने काळ्या तिळाचे लाडू आणले होते. मी सुजयकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले आणि आणखी खुर्च्या आणायला शेजारी गेला.

बाजी दारातच थबकल्या. "हाय अल्लाह! दुल्हन, बच्ची को काला पहना दिया? त्योहार के दिन?"

बाजी मला पहिल्या दिवसापासून दुल्हन म्हणतात, आपल्या 'सूनबाई'सारखं. सुरुवातीला मला कानकोंडं व्हायचं. आता कुणी नावाने हाक मारली तर मी आधी इकडेतिकडे बघते.

"आमच्याकडे संक्रांतीला काळंच घालतात, बाजी," मी मराठीत सुरुवात केली आणि मग हिंदीत आले. "ठंड होती है ना, और नज़र भी नहीं लगती."

गीता पदर तोंडाशी धरून हसायला लागली. "हमारे यहाँ तो काला टीका लगाते हैं. तुम लोगों ने पूरी बच्ची ही टीका कर दी!"

मग मी अबोलीला पाटावर बसवलं. सोसायटीतली पाच-सहा पोरं तिच्याभोवती टपून बसली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा, गोळ्या, सगळं एका परातीत कालवलेलं. मी औक्षण केलं आणि ओंजळ तिच्या डोक्यावर रिती केली. पोरांची झुंबड उडाली. अबोली किंचाळत होती, "मेरे ऊपर गिरा है, मेरा है!" बाजींनी दोन्ही हातांनी ओंजळ भरून ओतली, गीताने ओतली. रमाकांतजी वाकून खुर्चीखालचं एक बोर उचलून हळूच तोंडात टाकत होते, ते माझ्या एकटीच्याच नजरेला पडलं.

नंतर मुलं गॅलरीत पळाली आणि मोठी माणसं बसली. पाहुणे गप्प बसले की यजमानीण काहीतरी दाखवते. मी नुकताच पूर्ण झालेला विडा काढला.

बाजींनी कुंची मांडीवर पसरली. "काम तो हमारे यहाँ का है. पहचान गई. पर धोया किसने है? इतना साफ़!"

"मैंने," गीता म्हणाली. ती अजून हसत होती, पण लगेच खुर्चीत पुढे सरकली. "अच्छा, तो ये कढ़ाई आपकी है! बाजी, एक बात पूछूँ, बुरा न मानिएगा. इसमें नील इतना गहरा क्यों रहता है? दो-दो बार उबालना पड़ता है. मलमल की जान निकल जाती है."

"नील मैं थोड़े ही लगाती हूँ!"

"नील मैं लगाता हूँ," रमाकांतजी म्हणाले. त्यांचा मफलर सैल झाला होता. "और मुझसे कहा गया था कि गहरा करो."

"किसने कहा?"

रमाकांतजींनी माझ्याकडे पाहिलं.

"बाजीच म्हणाल्या होत्या," मी म्हटलं. "मतलब, आपने ही तो कहा था, औरतों को दिखता नहीं."

"मैंने कहा था, बारीक बूटी साफ़ नहीं आती! एक पंखुड़ी दूसरी पर चढ़ी रहती है. मेरी औरतें आँखें फोड़ती हैं उस पर. गहरा करने को कब कहा?"

"साफ़ कैसे आएगी," रमाकांतजी म्हणाले, "वो ठप्पा ही घिस गया है. गहरा करो चाहे काला करो. नया ठप्पा लगेगा."

"तो लगाइए!"

"कोई कहे तब तो लगाऊँ! मुझसे तो बिटिया हर बार यही कहती रही, 'चाचाजी, बहुत सुंदर है, बस ज़रा-सा गहरा, अगर तकलीफ़ न हो तो'."

"और मुझसे कहती हैं," गीता म्हणाली, "'गीता, तुम्हारे हाथ में जादू है.' मैं जादू के चक्कर में दो बार भट्ठी चढ़ाती रही."

तिघंही माझ्याकडे बघत होते. माझा चेहरा गरम झाला. एकाची तक्रार दुसऱ्याला सांगायची म्हणजे कुणीतरी दुखावणार, म्हणून मी ती वाटेतच धुऊन, इस्त्री करून, अत्तर लावून पोचवत आले होते. अर्धी तर पोचवलीच नव्हती.

"अहो, ही नुसती जंक्शन नाहीये," सुजय दारातून म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत ती परात होती. "सेन्सॉर बोर्ड है पूरा."

आधी गीता हसली. मग बाजींनी कुंचीतच तोंड लपवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. शेवटी मलाही राहवलं नाही.

पुढची पंधरा मिनिटं मला कुणी विचारलंच नाही. ठप्पा कुणाकडून कोरून घ्यायचा, शाई किती पातळ हवी, पावसाळ्यात गठ्ठे कुठे ठेवायचे. बाजींना आठवलं, की रमाकांतजींच्या दिवंगत भावाकडे आपले अब्बा छपाईला जायचे. "अरे, आप कोनेवाले पीपल के पास! तो ये कहिए न!" मी चहा आणला, तो घेताना त्यांनी नीट वरही पाहिलं नाही. मी ट्रे धरून उभी होते. आनंद झाला होता, पण त्याच्याखाली एक बारीकशी कळ होती. यांना माझी गरजच नाही की काय?

गॅलरीतून अबोली आली, तोंडात उसाचा करवा. ती सरळ बाजींच्या गुडघ्याला चिकटली.

"बाजी, आपको पता है? हम रायपुर जा रहे हैं. हमेशा के लिए. वहाँ मेरा नया स्कूल होगा."

बाजींनी तिच्या मुकुटावरून हात फिरवला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ये हमें बच्ची से पता चलना था, दुल्हन?"

"आज सांगणारच होते. इसीलिए तो बुलाया था," मी म्हटलं. "एप्रिल में जाना है. आप लोगों ने इतना किया... अब काम बंद करना पड़ेगा."

"बंद क्यों?" गीता.

"कौन लाएगा, कौन ले जाएगा?"

"मेरा देवर रोज़ टेम्पो लेकर चौक जाता है, खाली. बाजी के दरवाज़े से गठरी उठा लेगा." ती हे अशा सुरात म्हणाली, की इतकी सोपी गोष्ट मला कशी कळत नाही.

"और छपाई मैं खुद उठा लूँगी," बाजी म्हणाल्या. "चार गलियाँ हैं. मेरे घुटने इतने भी नहीं गए."

"पार्सल रमाकांतजी के सामनेवाले कुरियर से," सुजय मध्येच बोलला, जसं काही धंदा त्याचाच.

मी ट्रे खाली ठेवला. "मग... फिर तो आप लोग खुद ही कर सकते हैं. मेरी क्या ज़रूरत?"

विचारायला नको होतं. पण तोंडातून गेलं. रमाकांतजींनी ती कुंची उचलली. मागच्या लांब झालरीला धरून उंच केली.

"बिटिया, ये दुमवाली टोपी. हम लखनऊ में मुफ़्त में बाँटें, तो भी कोई माँ अपने बच्चे को न पहनाए. इसे जो खरीदते हैं, वो तुम्हारे लोग हैं. उन्हें हम कहाँ ढूँढेंगे?"

"और नाप?" बाजी म्हणाल्या. "इसकी कटाई हमें आज तक समझ में नहीं आई. सिर कहाँ जाता है, पीठ कहाँ."

मी हसता हसता डोळे पुसले. अबोलीने लगेच जाहीर केलं, "आई रो रही है."

मी तिथेच सगळ्यांसमोर मालिनीताईंना फोन लावला. सोमवारची वाट कशाला बघायची. बदलीचं सांगितलं, या तिघांचं सांगितलं आणि म्हटलं, "हो म्हणते आहे, पण आता एकटीच्या जिवावर नाही. पहिला महिना तीस विडे देते, नवा ठसा यायचाय. पुढे चाळीस."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. पुण्यात जानेवारीतही मालिनीताईंना पंखा लागतो. "तीस चालतील," त्या म्हणाल्या. "आणि काय गं, मी लखनौ सोडलं तेव्हा तू ओक्साबोक्शी रडली होतीस. आठवतं? मी गेले नसते तर तुला पुण्यात दुकान कुठून मिळालं असतं? रायपुरातही बाळं जन्माला येतात. त्या बाईंना दे बघू फोन."

मी स्पीकर लावला.

"नमस्कार बाजी, मैं मालिनी बोलती. आपका हाथ एकदम मस्त है. मेरे दुकान में सब बायका पागल होती."

बाजींनी ओढणी सावरली, जणू मालिनीताई समोर बसल्यात. "शुक्रिया. आपकी हिंदी भी माशाअल्लाह ख़ूब है."

गीता खुर्चीवरून पडायची राहिली. मालिनीताईंना टोमणा कळला की नाही कोण जाणे, पण त्या पुण्याच्या असल्याने कळला असावा, कारण त्यांनी तत्काळ विषय दरावर नेला. बाजी त्यांना पुरून उरल्या. मी मध्ये पडले नाही. फार अवघड गेलं, पण ओठ मिटून बसले.

निघताना अंधारून आलं होतं. सुजय रमाकांतजींना रिक्षापर्यंत सोडायला गेला. गीताने उरलेली बोरं पदरात बांधून घेतली आणि बाजींना म्हणाली, "चलिए, मैं उधर से ही जाऊँगी, साथ चलते हैं." दोघी निघाल्या. बाजी चपला घालता घालता वळल्या.

"दुल्हन, जाने का दिन पहले से बता देना. इस बार बच्ची से न कहलवाना. मैं इमाम ज़ामिन बाँधने आऊँगी."

"वो क्या होता है?" अबोलीने विचारलं.

बाजींनी वाकून तिच्या दंडावर दोन बोटं टेकवली. "जब कोई सफ़र पर जाता है न, तो घर का कोई बड़ा यहाँ कपड़े में एक सिक्का बाँध देता है. कि अल्लाह की हिफ़ाज़त में जाओ, ख़ैर से पहुँचो."

जिन्यात दोघींचे आवाज बराच वेळ येत राहिले. ठप्प्याचंच चाललं होतं. मी दार लावलं आणि सतरंजीवरचे चुरमुरे गोळा करायला बसले. अबोली माझ्या मांडीवर येऊन टेकली. हलव्याचा हार अर्धा कुरतडला गेला होता. आज मी रागावले नाही.

"आई."

"काय गं?"

"घर का बड़ा मतलब आजी?"

"आजी, आजोबा, मोठी माणसं. हो."

ती विचार करत राहिली. तिच्या केसांत एक चुरमुरा अडकला होता, तो मी काढला. बोरांचा आंबट वास येत होता तिला.

"बाजी आजी नहीं हैं," ती म्हणाली. "मावशी भी नहीं, आत्या भी नहीं. और ऑफिसवाली भी नहीं, तुम्हारा तो ऑफिस ही नहीं है." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तो आई, बाजी हमारी कौन लगती हैं?"